अंगठ्याऐवजी 'अनुमती द्या' : मोबाइलमध्ये जाणारी आपल्या आरोग्याची माहिती

अंगणवाडीतून घरपोच आहाराचं पाकीट घ्यायचं तर पूर्वी रजिस्टरवर सही किंवा अंगठा पुरत होता. आता सेविकाताई मोबाइल समोर धरतात, डोळे मिचकवायला सांगतात आणि फोटो घेतात. तो फोटो आधारवरच्या चेहऱ्याशी जुळला तर नोंद होते. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांसाठी, गरोदर आणि स्तनदा मातांसाठी ही चेहरा-ओळख केंद्र शासनाने १ जुलै २०२५ पासून सक्तीची केली. जालना, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, कुठल्याही तालुक्यातल्या वस्तीत जा, बायका दोनच गोष्टी विचारतात. हा फोटो जातो कुठे? आणि नाही म्हटलं तर पाकीट बंद होईल का?

प्रश्न अगदी बरोबर आहेत. आरोग्याच्या पानावर आम्ही रक्तक्षय, लसीकरण, साखर, रक्तदाब यांवर लिहितो. पण या प्रत्येक आजाराची नोंद आता कुठल्या ना कुठल्या मोबाइलमध्ये होते. बाळाचं वजन, आईचं हिमोग्लोबिन, पाळीची तारीख, क्षयरोगाची औषधं, सगळं. म्हणून या वेळी औषधाबद्दल न लिहिता, त्या नोंदीबद्दल लिहायचं ठरवलं.

आधी अंगणवाडीचं ॲप समजून घेऊ. त्याचं नाव पोषण ट्रॅकर. १ मार्च २०२१ रोजी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने ते सुरू केलं. आईचं नाव, आधार, मोबाइल नंबर, बाळाची जन्मतारीख, उंची, वजन, हजेरी आणि आहार मिळाल्याची नोंद त्यात जाते. हेतू वाईट नाही. कुठलं मूल तीव्र कुपोषित आहे हे वेळेवर कळावं, पाकिटं मधल्यामध्ये गायब होऊ नयेत, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत आहार मिळावा, यासाठी नोंद लागतेच. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या घरांना हा शेवटचा मुद्दा नीट कळेल.

पण हे ॲप आलं तेव्हा त्यावर पहिला आवाज उठवला तो सेविकांनीच. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरातल्या अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. फोन कमी क्षमतेचे होते, सतत अडकायचे, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्याच खिशातून जायचा, आणि ॲप इंग्रजीत होतं. सातवी-आठवी शिकलेल्या ताईने वस्तीतल्या पन्नास बायकांची माहिती इंग्रजी रकान्यांत भरायची. चूक झाली तर कोणाची? ज्या बाईची माहिती ती भरते आहे, तिला तर रकाना काय आहे हेही दिसत नाही. आम्हाला हे आंदोलन महत्त्वाचं वाटतं ते एवढ्यासाठी, की ते पगारवाढीपुरतं नव्हतं. मराठीत ॲप द्या ही मागणी सेविकांची होती, पण तिचा फायदा माहिती देणाऱ्या आईलाच होणार होता. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर अंगठा उमटवून घेण्याची रीत आपल्या आजोबा-पणजोबांना सावकाराच्या ओट्यावर चांगलीच माहीत होती. तिचं नवं रूप मोबाइलवर यायला नको.

आता फोटोचं. चेहरा-ओळखीत मशीन आपल्या चेहऱ्याची मापं घेते. डोळ्यांमधलं अंतर, नाकाची ठेवण, हनुवटी यांचे आकडे तयार होतात आणि ते आधीच्या फोटोच्या आकड्यांशी ताडून पाहिले जातात. आधारवरचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा असेल, बाळंतपणानंतर चेहरा सुजलेला किंवा उतरलेला असेल, खोलीत उजेड कमी असेल, नेट नसेल, तर जुळणी फसते. ती फसली याचा अर्थ ती बाई खोटी आहे असा होत नाही. हे सेविकेलाही माहीत असतं, पण ॲप पुढे जात नाही तेव्हा दोघीही अडकतात.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. पाकीट ही कुणाची मेहेरबानी नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ४ आणि ५ प्रमाणे गरोदर-स्तनदा माता आणि सहा महिने ते सहा वर्षांची मुलं यांचा तो हक्क आहे. चेहरा जुळला नाही म्हणून आहार नाकारला गेला, तर सेविकाताईशी भांडू नका, तिच्या हातात काही नसतं. साध्या कागदावर तारीख, अंगणवाडीचा क्रमांक आणि काय झालं ते लिहून तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर याच कायद्याखाली जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी असतो, त्यांच्याकडे जा. बाळाचं आधार नाही म्हणून नोंद होत नाही असं कुणी सांगितलं, तर हेही माहीत असू द्या : २०२२ मध्ये अशीच ओरड झाली तेव्हा मंत्रालयाने खुलासा केला होता की बाळाचं आधार सक्तीचं नाही, आईच्या आधारवर नोंद होते.

मग 'नाही' म्हणण्याचा अधिकार आहे की नाही? याचं खरं उत्तर थोडं कडू आहे.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आधारच्या विरोधात केलेल्या याचिकेतून तो आला. संविधानाच्या कलम २१ मधल्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या अधिकारातच खासगीपणा येतो, असं न्यायालयाने सांगितलं. आपल्या वाचकांना हेही ठाऊक असावं की १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी नागरिकाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण देणारी तरतूद सुचवली होती. अंतिम संविधानात ती त्या शब्दांत आली नाही. सत्तर वर्षांनी न्यायालय त्याच दिशेला पोचलं.

त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्यात संमतीची व्याख्या चांगली आहे. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, कशासाठी ते नेमकं सांगून घेतलेली हवी, अटींचा फास नसलेली हवी. कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यायची. माहिती का घेतोय याची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचता आली पाहिजे, म्हणजे मराठीतही. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर आई-वडिलांची खात्रीशीर संमती लागते. कंपनीने माहिती नीट सांभाळली नाही तर दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार असं त्यात ठरलं.

आता कडू भाग. याच कायद्याच्या कलम ७ मध्ये काही कामांना संमतीतून सूट आहे, आणि शासनाने अनुदान, लाभ किंवा सेवा देण्यासाठी माहिती वापरणं हे त्यांपैकी एक. म्हणजे ज्यांचं घर शासकीय योजनांवर जास्त अवलंबून, त्यांच्या संमतीला कायद्यात जागा कमी. पैसेवाल्या घरातली बाई खासगी दवाखान्यात जाते, ती ॲपला नकार देऊ शकते. आपल्या वस्तीतली बाई अंगणवाडीत नकार देऊ शकेल, पण पाकिटाची किंमत मोजून. आम्हाला हे पटत नाही, आणि ते तसं म्हणायला हवं. पण पटत नाही म्हणून आहार सोडा असा सल्ला आम्ही मुळीच देणार नाही. बाळाचं वजन आधी. मात्र संमती विचारली नाही तरी आपली माहिती काय नोंदवली हे बघण्याचा, चूक असेल तर दुरुस्त करून मागण्याचा आग्रह धरता येतो. सेविकेला सांगा, "ताई, माझ्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचून दाखवा." बाळाची जन्मतारीख एका महिन्याने चुकली तरी वजनाचा तक्ता चुकतो आणि धडधाकट मूल कुपोषितांत किंवा कुपोषित मूल धडधाकटांत जातं. खासगीपणाचा प्रश्न इथे थेट तब्येतीचा होतो.

दुसरी गोष्ट, आभा क्रमांक. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायला गेलं की हल्ली विचारतात, "आभा आहे का?" हा चौदा आकडी आरोग्य क्रमांक आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं, त्याचा हा भाग. पुष्कळ लोक याला पाच लाखांच्या उपचाराचं आयुष्मान कार्ड समजतात. दोन्ही वेगळी आहेत. आभामुळे कुणाचं बिल माफ होत नाही. तो फक्त तुमच्या वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी एका धाग्यात बांधतो. फायदा आहे : संभाजीनगरच्या घाटीत दाखवायला गेलात आणि जालन्याचे जुने रिपोर्ट घरी राहिले, तर डॉक्टर ते मोबाइलवर मागवू शकतात. पण मागवण्याआधी तुमच्याकडे विनंती येते. कुठली कागदपत्रं, किती दिवसांसाठी, हे तिथे ठरवता येतं, आणि दिलेली परवानगी मागे घेता येते. आभा ऐच्छिक आहे. काढलेला असेल तर बंद किंवा रद्दही करता येतो. आभा नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. रांगेत वेळ वाचतो म्हणून काढायचा असेल तर जरूर काढा, मात्र ओटीपी स्वतः वाचून, कशाचा आहे ते विचारून सांगा. २०२१ मध्ये कोविडची लस घेताना आधार दाखवणाऱ्या अनेकांच्या प्रमाणपत्रावर आरोग्य ओळख क्रमांक आपोआप छापून आला होता. त्यांना कुणी विचारलं होतं असं दिसत नाही. विचारणं राहून जातं ते असं.

आणि एकदा माहिती जमा झाली की ती कुलपात राहीलच याची हमी नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि अनेक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरच्या एका यंत्रणेत फोन नंबर टाकला की लस घेतलेल्याची माहिती समोर येत होती. कोविनमधून थेट गळती झाली नाही असं शासनाचं म्हणणं होतं, पण लोकांची माहिती बाहेर दिसली हे खरं.

आपल्या वस्त्यांत मात्र गळती अशा मोठ्या हल्ल्यांतून कमी आणि साध्या फोटोंतून जास्त होते. कामाचा पुरावा म्हणून रुग्णाचा औषध घेतानाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो. यादीचा फोटो पडतो, त्यात नाव, वय, आजार सगळं. ग्रुपमध्ये चाळीस जण, त्यातले दोघे शेजारचेच. संध्याकाळपर्यंत गल्लीत चर्चा. मुलीचं लग्न जुळायच्या वेळी तीच चर्चा परत निघते. आशाताई, सेविकाताई आपल्यातल्याच आहेत, त्यांच्यावर वरून फोटोचा तगादा असतो हे आम्ही जाणतो. तरीही सांगतो, चेहरा न दाखवताही पुरावा देता येतो.

कायदा इथे बराच स्पष्ट आहे. एचआयव्ही बाधित व्यक्तीची माहिती तिच्या समजून दिलेल्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, असं २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव-गाव डॉक्टरने कुणाला सांगू नये, सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, ही तरतूद गर्भपात कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने आली. नवऱ्याला किंवा सासूलाही नाही. मानसिक आजाराच्या उपचाराबाबत २०१७ च्याच मानसिक आरोग्य कायद्यात गुप्ततेचा हक्क आहे. क्षयरोगाचं थोडं वेगळं आहे. रुग्ण सापडला की त्याची नोंद शासनाला कळवणं २०१२ पासून सक्तीचं आहे, तिथे तुमची संमती विचारली जात नाही, आणि साथीच्या आजारात ते योग्यच आहे. निक्षय पोर्टलवर ती नोंद होते, आणि पोषणासाठी मिळणारे दरमहा एक हजार रुपये (नोव्हेंबर २०२४ पूर्वी पाचशे होते) त्या नोंदीवरूनच खात्यात येतात. पण आरोग्य खात्याला कळवणं वेगळं आणि गल्लीला कळवणं वेगळं. पहिल्याला परवानगी लागत नाही म्हणून दुसऱ्याला मुभा मिळत नाही.

आता आपण स्वतःच्या हाताने घेतलेल्या ॲपकडे वळू. कॉलेजात जाणाऱ्या मुली पाळीची तारीख लक्षात ठेवायला ॲप वापरतात. सोय आहे, आणि पाळीबद्दल मोकळेपणा येतोय याचा आनंदच आहे. पण फ्लो नावाच्या जगभर चालणाऱ्या पाळीच्या ॲपचं काय झालं ते ऐका. माहिती गुप्त ठेवू असं आश्वासन देऊन ते ॲप बायकांच्या पाळीची, गरोदरपणाची माहिती फेसबुक, गूगल यांच्या जाहिरात-विश्लेषण विभागांना पुरवत होतं, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने केला आणि २०२१ मध्ये कंपनीला अटी मान्य कराव्या लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ज्यूरीने याच प्रकरणात फेसबुकची मालक कंपनी मेटाला दोषी धरलं. आपल्या मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठिपका मारला किंवा वहीत तारीख लिहिली, तरी डॉक्टरला हवं ते सगळं मिळतं. डॉक्टर विचारतात ती शेवटच्या पाळीची पहिली तारीख, आणि ती वहीत असते.

ॲप ठेवायचंच असेल तर परवानग्या तपासा. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्स', मग ते ॲप, मग 'परवानग्या'. तिथे कॅमेरा, माइक, लोकेशन, संपर्क, एसएमएस अशी यादी दिसते. पावलं मोजणाऱ्या ॲपला तुमच्या भावकीचे फोन नंबर कशाला लागतात? पाळीच्या ॲपला माइक कशाला? न पटणारं काढून टाका, ॲप बहुतेक वेळा तरीही चालतं. लोकेशन लागतच असेल तर 'ॲप वापरताना' किंवा 'फक्त या वेळी' हे निवडा. एसएमएसची परवानगी सगळ्यात जपून द्यायची, कारण ती ज्याच्याकडे, त्याच्याकडे तुमचा प्रत्येक ओटीपी. आणि ॲप फोनमधून उडवलं म्हणजे माहिती गेली असं नाही, ती कंपनीकडे राहते. आधी ॲपच्या आत जाऊन 'खाते हटवा' करायचं, मग ॲप काढायचं.

हे आरोग्याचं पान, तरी झटपट कर्ज देणाऱ्या ॲपबद्दल चार ओळी लिहाव्याच लागतील. आपल्या घरांत कर्ज निघतं ते बहुतेक दवाखान्यापायी. रात्री सिझरचा खर्च अंगावर येतो, आणि मोबाइलवर पाच मिनिटांत पाच हजार देणारं ॲप दिसतं. ते आधी संपर्क आणि फोटो मागतं. हप्ता चुकला की त्याच संपर्कांतल्या मामाला, सासऱ्याला, कामावरच्या मुकादमाला फोन जातात, फोटो विद्रूप करून पाठवले जातात. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलंय की कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले संपर्क, कॉलची यादी, फाइल आणि फोटो बघू नयेत. कॅमेरा, माइक, लोकेशनही फक्त एकदा, ओळख पटवण्यापुरतं, तुमच्या स्पष्ट संमतीने. म्हणजे जे ॲप संपर्क मागतं ते तिथेच नियम मोडतं. धमकी आली तर पैसे भरत बसू नका, संदेशांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. घरातल्यांनाही त्याच दिवशी सांगून टाका. फोटो गेला याची लाज धमकावणाऱ्याने बाळगायची आहे.

शेवटी एक बारीक वाटणारी, पण आपल्या जिल्ह्यात फार नडणारी गोष्ट : नोंदीतला मोबाइल नंबर. बहुतेक घरांत एकच फोन आणि तो नवऱ्याकडे. बायकोच्या आहाराचा, आभाचा, बँकेचा ओटीपी त्याच फोनवर येतो. तो कारखान्यावर ऊसतोडीला, ही बाळंतपणासाठी माहेरी. मग ओटीपी फोनवरून ओरडून सांगायचा, शेजारच्यांसमोर. त्यात रिचार्ज न केलेला नंबर कंपनी बंद करते आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाला देते. तुमच्या बाळाचे, तुमच्या तपासणीचे संदेश मग अनोळखी फोनवर जाऊ लागतात. तेव्हा टोळी निघण्याआधी, दिवाळीच्या आसपास, अंगणवाडीत, उपकेंद्रात आणि बँकेत जाऊन नोंदीत कुठला नंबर आहे तो वाचून घ्या. जमत असेल तर बाईच्या नावावर वेगळं सिम घ्या आणि ते चालू ठेवा, साधा बटणाचा फोनही पुरतो. आधारला जोडलेला नंबर आधार केंद्रावर जाऊन बदलता येतो, जाताना आधार कार्ड बरोबर न्या. तिथेच फोटो जुना झाला असेल तर तोही नवा काढून घ्या, म्हणजे अंगणवाडीत चेहरा जुळण्याची अडचण कमी होईल.